उतारावरची सात नंबर

त्या सकाळी पाणी भरण्याच्या मैदानात सात लॉऱ्या उभ्या होत्या. सातही लॉऱ्यांच्या पाठीवर पाच-पाच हजार लिटरच्या लोखंडी टाक्या होत्या. पाच लॉऱ्यांना सेल्फ होता, म्हणजे त्या किल्लीने चालू व्हायच्या. सहा नंबरची हँडल मारून चालू व्हायची. सहा लॉऱ्यांच्या दोन्ही खिडक्यांना काचा होत्या आणि चार लॉऱ्यांचे पुढचे दोन्ही दिवे लागत होते. हॉर्न सगळ्यांना होता. सात नंबरचा हॉर्न मात्र बटणाने वाजत नसे, ड्रायव्हरच्या बाजूचं दार आपटलं की वाजे. सात नंबरला सेल्फ नव्हता, हँडल घालायच्या भोकात कधीतरी काहीतरी मोडून बसलं होतं, उजवीकडची काच नव्हती, बॉनेटचा डावा पत्रा नव्हता आणि इंजिन बंद करायची वायर तुटलेली होती.

"मग ही बंद कशी करता?" तपासणीला आलेले साहेब, रेवणसिद्ध, यांनी विचारलं.

"टापचा गेर टाकायचा, बिरेक दाबायचा आन् किलच सोडायचा," सात नंबरचा ड्रायव्हर दगडोबा म्हणाला. "मरती आपोआप."

"आणि चालू?"

"उतार बगून."

रेवणसिद्ध यांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. ते सव्वीस वर्षांचे होते, त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं, आणि कुठलंही उत्तर ते न हसता लिहून घेत. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. कचेरी नवी होती, पण छापील फॉर्म जुनेच होते. त्यांच्यावरचं 'उस्मानाबाद' शाईने खोडून वर हाताने 'लातूर' लिहिलेलं होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. सात गावांना सात टँकर द्यायचे होते, आणि त्यासाठी प्रत्येक लॉरीला तीन परीक्षा होत्या. एक, गाडी दोन मिनिटांत चालू झाली पाहिजे. दोन, भरलेल्या टाकीसह मैदानाची पाचशे मीटरची फेरी नव्वद सेकंदांत झाली पाहिजे. तीन, फेरीनंतर टाकीतलं पाणी दीडशे लिटरपेक्षा जास्त कमी झालेलं नसावं.

दगडोबाला दुसऱ्या परीक्षेचीच धास्ती होती. आदल्या दिवशी त्याने फेरी मारून बघितली, तेव्हा त्याचा जुना सोबती सटवाजी याने मनगटावरच्या घड्याळात एकशे बारा सेकंद मोजले होते. लॉरीचे मालक ईश्वरप्पा यांची लातूरला दाळमिल होती, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पास झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारात. दगडोबा ही लॉरी चोवीस वर्षं चालवत होता.

सात नंबरच्या वाटणीला जे गाव होतं, तिथून पारूबाई पहाटेच्या एसटीने आली होती. वय साठीच्या पुढे, पंचायतीची मेंबर, काखेत एक रिकामी पितळी घागर. ती आल्या आल्या लॉरीच्या केबिनमध्ये चढून बसली होती.

"आक्का, तपासणी व्हायची हाय आजून. खाली बसा की लिंबाच्या सावलीला," दगडोबा म्हणाला.

"न्हाई. मागच्या बारीला म्या सावलीला बसले आन् टँकर दुसऱ्याच गावाला गेला. आता टँकर जाईल तिकडं म्या."

"घागर कशाला आणली?"

"साहेबाला दाखवाया. गावात एकशे बासट उंबरे हायेत. उंबऱ्याला दोन घागरी पायजेत. कागदावर नुसतं 'पाणी' लिवतेत. घागर किती मोठी हाय ती कुणी बगत न्हाई."

रेवणसिद्ध यांनी घागर खरोखरच मोजली. मापाच्या भांड्याने पाणी ओतत ती काठोकाठ भरली, आणि फॉर्मच्या मागे लिहिलं: पंधरा लिटर. पारूबाईने या साहेबाबद्दल तिथल्या तिथे चांगलं मत करून घेतलं.

उताराची गोष्ट थोडी सांगायला हवी. सात नंबर फक्त घरंगळत चालू व्हायची, त्यामुळे दगडोबाचं सगळं आयुष्य उताराने ठरवलं होतं. लातूर ते नांदेड आणि पुढे धर्माबादपर्यंत कुठल्या धाब्यासमोर किती उतार आहे हे त्याला तोंडपाठ होतं. कुठे भाजी चांगली मिळते हे ठाऊक नव्हतं. त्याच्या लेकीला दोन स्थळं आली होती. एका घरासमोर सपाट होतं, दुसऱ्या घरासमोर ओढ्याकडे उतार होता. लेक त्या दुसऱ्या घरी सुखात नांदत होती.

मैदान नव्या जिल्ह्याच्या खर्चाने सपाट केलेलं होतं. पाणी भरण्याच्या चौथऱ्याकडे जाणारा मुरमाचा चढ तेवढा शिल्लक होता. दगडोबाने सकाळी मैदानात शिरताच तो हेरला आणि कुणी काही म्हणायच्या आत लॉरी त्यावर चढवून, टाकी भरून घेऊन, मागच्या चाकांना दगड लावले. उतार मिळाला, या आनंदात तो होता. लॉरीचं तोंड चढाकडे होतं.

पहिल्या पाच लॉऱ्यांची तपासणी होईपर्यंत ड्रायव्हर मंडळी लिंबाखाली बसली. सटवाजी बारका, सत्तरीला टेकलेला, आता लॉरी चालवत नव्हता, पण जिथे इंजिन असेल तिथे येऊन बसत असे. सहा नंबरचा मलप्पा निलंग्याकडचा, दंड मांडीएवढे, कारण तीस वर्षं हँडल मारलेलं.

"ह्या नव्या गाड्यांत काय मजा न्हाई," सटवाजी म्हणाला. "किल्ली फिरवली की चालू. माझी पहिली गाडी, थंडीत बिलकुल हालायची न्हाई. आईलच्या चेंबरखाली काकडा पेटवून बसावं लागायचं. एकदा गाडीच्या आधी धोतर गरम झालं."

"पेटलं म्हण की सरळ," दगडोबा म्हणाला.

"पेटलं. पन गाडी चालू झाली ना?"

"यप्पा! आमचा पंप हवा धरायचा," मलप्पा म्हणाला. "नळी सोडून तोंडानं डिझेल वढायचं. पंदरा वर्सं वढलं. आजून भाकरीला डिझेलचा वास येतो. बायको म्हन्ती, भाकर माझी हाय, वास तुमचा हाय."

केबिनमधून पारूबाई ओरडली, "बायकांची आठवन काढता का रे कवा येवड्या कौतुकानं?"

"बायकुला धक्का माराया लागत न्हाई, आक्का," सटवाजी म्हणाला. "तीच मारती."

दगडोबाने विडी पेटवली. "तुमचं सगळं खरं. पन माझ्या गाडीला एकदा सर्दी झाली हुती."

"आली मिरची," सटवाजी म्हणाला. ही गोष्ट त्याने निदान शंभरदा ऐकली होती.

"आली तर आली. बाहत्तरचा दुष्काळ. धर्माबादवरनं मिरची भरली लातूरला. पोती फाटकी. नांदेडपस्तोर सगळी धूळ इंजनात. गाडी शिंकून राहिली! खोटं न्हाई सांगत, दर फर्लांगाला ठसका. मंग म्या थांबवली, उतार बगून. एर किलीनरच्या तोंडात, इंजन हवा वढतं तितं, तरटाचा बोळा कोंबला, वरनं सुतळी बांधली. तशी गप झाली. लातूरपस्तोर चूं केलं न्हाई."

"आन् मंग?"

"मंग काय. पन त्या खेपेला कुणाची तरी नजर लागली गाडीला. तवापासून दम कमी झाला तिचा. लई इलाज केले. नोझल बदललं, पंप खोलला, लिंबू-मिरची बांधली."

"मिरचीवर मिरची," मलप्पा म्हणाला.

सहा नंबर पास करून मलप्पा परत आला, एवढ्यात ईश्वरप्पा आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं, हातात नारळ.

"काय दगडोबा, तयार का?"

"हाव मालक."

"सोमवारी भंगारवाल्याला येऊ नको म्हून सांगायचं, का ये म्हून सांगायचं, येवडं आज कळू दे."

"मालक, चोवीस वर्सं गाडीनं..."

"चोवीस वर्सं म्या बी ऐकून राहिलो. आज दम न्हाई, आज वारा उलटा हाय, आज चढ हाय. आरं, लातुरात चढ कुठून आणला तू?"

 दगडोबाने विडी विझवली, लॉरीच्या पुढच्या मडगार्डला हात लावून तो कपाळाला लावला आणि केबिनमध्ये चढला. दार आपटलं. हॉर्न वाजला. रेवणसिद्ध यांनी तो आवाज इशारा समजून स्टॉपवॉच सुरू केलं.

मलप्पाने मागच्या चाकांचे दगड काढले. लॉरी घरंगळू लागली. गाडी घरंगळली की दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, हे दगडोबाने चोवीस वर्षांत हजारो वेळा केलेलं होतं. त्यात डोक्याचा काही भाग नव्हता. हात आणि पाय आपसात ठरवून करत. पण त्या हजारो वेळा लॉरी पुढे घरंगळली होती. आज ती मागे घरंगळत होती, आणि मागे घरंगळताना टाकायचा तो मागचाच गिअर. हाताला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने दुसरा टाकला, पायाने क्लच सोडला, लॉरीला एक हिसका बसला आणि इंजिन धडधडू लागलं.

"अकरा सेकंद," रेवणसिद्ध म्हणाले.

टाळ्या वाजल्या. ईश्वरप्पांनी दगडावर नारळ फोडला.

पहिल्यांदा शिंकली ती पारूबाई. पाठोपाठ दगडोबा. बॉनेटचा पत्रा नव्हता त्या बाजूने तांबूस-काळ्या धुराचा झोत बाहेर येत होता, आणि त्या धुराला धर्माबादच्या मिरचीचा स्पष्ट वास होता. बंदुकीतून सुटावा तसा मुठीएवढा एक काळा गोळा त्या धुरातून उडाला आणि मलप्पाच्या पायाशी पडला. तो काय आहे हे बघायला मलप्पाचे डोळे उघडे नव्हते. रेवणसिद्ध सलग नऊ वेळा शिंकले. स्टॉपवॉच त्यांनी थांबवलं नाही.

"चला! फेरी मारा!" त्यांनी दहाव्या शिंकेच्या आत सांगितलं.

दगडोबाने डोळे पुसले, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. लॉरी मागे गेली.

"दगडू, कुटं निघालास?" पारूबाईने विचारलं.

"म्होरं."

"म्होरं तिकडं हाय."

दगडोबाने क्लच दाबला, गिअरच्या दांड्याकडे बघितलं, पुन्हा पहिला टाकला. लॉरी पुन्हा मागे गेली. त्याने दुसरा टाकला. लॉरी जास्त वेगाने मागे गेली. सटवाजी आणि मलप्पा, दोघेही शिंकत, लॉरीच्या शेजारून धावू लागले.

"दांड्याची बुशी गेली!" सटवाजी ओरडला. "एकसष्टला माझ्या गाडीचं असंच झालं हुतं. तिसरा टाकून बग!"

दगडोबाने तिसरा टाकला. लॉरी एवढ्या वेगाने मागे निघाली की धावणारे दोघे मागे, म्हणजे तिच्या पुढे, राहिले. रिकाम्या पिंपांची एक उतरंड ढासळली. टाकीच्या झाकणातून पाण्याचा एक मोठा हबका मैदानावर सांडला.

"पाणी!" पारूबाई किंचाळली. "आरं, माझ्या घागरी चालल्या!"

"थांबव! थांबव!" ईश्वरप्पा ओरडत होते.

दगडोबाने क्लच दाबून ब्रेक मारला. लॉरी लिंबापासून चार हातांवर थांबली. इंजिन मात्र चालूच होतं, आणि पायाने रेस दिलेली नसताना त्याचा आवाज वाढत चालला होता.

"मागचा टाक," मलप्पा म्हणाला. "सगळे गेर मागं जाऊन राहिले तर मागच्याचं काय झालं, बगू तरी."

दगडोबाने मागचा गिअर टाकला. लॉरी संथपणे, अगदी शहाण्यासारखी, पुढे चालू लागली.

दगडोबाने क्लच-ब्रेक दाबून ती थांबवली. मग पारूबाई म्हणाली, "झालं तर मंग. ह्याच गेरनं चल गावाला."

रेवणसिद्ध मात्र रेडिएटरसमोर जाऊन उभे राहिले होते. त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला आणि जाळीसमोर धरला. चालत्या इंजिनचा पंखा हवा आत ओढतो, तेव्हा कागद जाळीला चिकटायला हवा होता. कागद त्यांच्या हातातून सुटून उडाला आणि बारा फुटांवर जाऊन पडला.

"इंजिन उलटं फिरतंय," ते म्हणाले.

"इंजन कदी उलटं फिरत न्हाई साहेब," सटवाजी म्हणाला. "पन्नास वर्सं झाली मला."

"दुसऱ्या गिअरमध्ये मागे घरंगळलं, म्हणून ते उलटं ढकललं गेलं. डिझेलला काय, हवा दाबली की पेटतं. आता हवा सायलेन्सरमधून आत जाते आहे आणि धूर एअर क्लीनरमधून बाहेर येतोय."

मलप्पाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "आमचे उस्ताद सांगायचे, की त्यांनी एकदा बगितलं हुतं. आमी त्यांच्या माघारी लई हसलो हुतो." त्याने दोन्ही कानांना हात लावले. "माफ करा, उस्ताद."

हे सगळं दगडोबा ऐकत नव्हता. त्याची नजर ऑइलच्या काट्यावर होती. काटा शून्यावर झोपलेला होता.

"साहेब, आईल चढत न्हाई!"

"उलट्या फिरण्यात पंप ऑइल ओढणार नाही. लगेच बंद करा. नाहीतर इंजिन जाम होईल."

दगडोबाचा चेहरा उतरला. चोवीस वर्षं या इंजिनच्या प्रत्येक आवाजावर त्याने जीव लावला होता, आणि ते आता त्याच्यासमोर कोरडं फिरत होतं. त्याने टॉपचा गिअर टाकला, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला आणि क्लच सोडला. रोज या उपायाने संथ चाललेलं इंजिन मरत असे. आज ते रेसमध्ये होतं. क्लचची प्लेट घसरली, जळका वास आला, लॉरी दोन हात मागे सरकली आणि इंजिनचा आवाज आणखी वाढला.

"डिझेलची नळी खोला!" सटवाजी ओरडला.

मलप्पा पाना घेऊन बॉनेटकडे धावला आणि तीन पावलांवरून परत आला. मिरचीच्या धुरात डोळे उघडताच येत नव्हते. सटवाजी तोंडाला धोतराचा सोगा बांधून गेला आणि चुकून दिव्याला पाना लावून परत आला. पुढून इंजिनजवळ जाणं कुणालाच शक्य नव्हतं.

"दगडू, म्या उतरू का?" पारूबाईने विचारलं.

"उतरा आक्का, लवकर उतरा."

"न्हाई. म्या उतरले तर टँकर दुसऱ्या गावाला जाईल," असं म्हणून ती आणखी आत सरकून बसली.

ईश्वरप्पा धुराला टाळून लॉरीच्या मागे गेले होते. टाकी बसवताना सायलेन्सरचा पाइप लांबवून मागे काढलेला होता. साहेब म्हणतात ते त्यांना पटलेलं नव्हतं. ते पाइपाजवळ वाकले.

"धूर न्हाई," ते तिथून ओरडले. त्यांनी भीत भीत पाइपाला बोट लावलं. "गरम बी न्हाई! थंडगार हाय! हे काय इंजन..."

आणखी बघायला ते आणखी वाकले, तेव्हा त्यांच्या खांद्यावरचं उपरणं पाइपाच्या तोंडापाशी लोंबलं. पाइपाने उपरणं ओढून घेतलं. पहिलं टोक गेलं, मग पदर गेला, आणि ईश्वरप्पा दोन्ही हातांनी दुसरं टोक धरून ओढू लागले.

"आरं सोड! सोड म्हन्तो ना!"

उपरणं दीड हात आत गेलं आणि गच्च बसलं. इंजिन घुसमटलं, दोनदा खोकलं, सगळ्या लॉरीला एक थरकाप सुटला, आणि ते बंद पडलं.

 रेवणसिद्ध यांनी स्टॉपवॉच थांबवलं.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले.

दगडोबा खाली उतरला. दार आपटलं, हॉर्न वाजला, आणि सगळे दचकले. त्याने पत्रा नसलेल्या बाजूने इंजिनवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मलप्पाने फॅनची पाती धरून इंजिन हाताने हळूच हलवून बघितलं. हललं. जाम झालं नव्हतं.

ईश्वरप्पांनी उपरणं बाहेर काढलं. त्याच्या मधोमध पाइपाच्या मापाचा काळा, नेमका गोल उमटला होता. ते उपरण्याकडे बघत होते, आणि दगडोबा त्यांच्याकडे.

"सोमवारी ये म्हून सांगतो त्याला," ईश्वरप्पा म्हणाले.

"थांबा," पारूबाई केबिनमधून म्हणाली. "साहेब, कागदावर काय लिवलंय ते वाचा."

"गाडी दोन मिनिटांत चालू झाली पाहिजे."

"झाली का?"

"अकरा सेकंदांत झाली. पण उलटी."

"उलटी न्हाई पायजे असं लिवलंय का?"

रेवणसिद्ध यांनी फॉर्म पुन्हा वाचला. मागूनही बघितला, मागे फक्त घागरीचं माप होतं. "नाही लिहिलेलं."

"मंग पयली परीक्षा पास. आता दुसरी घ्या."

रेवणसिद्ध यांनी थोडा विचार केला आणि अकरा सेकंदांपुढे टिकमार्क केला. "पण फेरी पुढच्या दिशेनेच धरावी लागेल," ते म्हणाले. "नव्वद सेकंद. आणि ऑइलचा काटा वर असला पाहिजे."

मलप्पाने सहा नंबर पुढे आणून साखळी लावली. सात नंबर सपाटीवर पुढच्या दिशेने ओढली गेली. दगडोबाने दुसरा गिअर टाकण्याआधी डोकं बाहेर काढून विचारलं, "म्होरंच चाललो ना आपन?"

"म्होरंच!" चौघे एकदम ओरडले.

इंजिन चालू झालं. धूर मागून निघाला. दगडोबा काट्याकडे बघत राहिला. काटा थरथरला, उठला, आणि रोजच्या जागी जाऊन थांबला. दगडोबाने मान खाली घालून एकदा नाक पुसलं. मिरची अजून हवेत होतीच.

साखळी सोडली. रेवणसिद्ध यांनी हात खाली केला आणि लॉरी निघाली. पहिल्या वळणालाच सटवाजी उभा राहिला. दुसऱ्या वळणावर मलप्पा म्हणाला, "ही सात नंबरच हाय ना?" लॉरी तिसरा गिअर सहज घेत होती. तिचा आवाज मोकळा होता, धूर जवळजवळ नव्हता. केबिनमध्ये पारूबाईने एका हाताने घागर आणि दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरली होती. लॉरीने चुन्याची रेघ ओलांडली.

"चौऱ्याहत्तर," रेवणसिद्ध म्हणाले. त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. ते चालू होतं. "ताशी चोवीस किलोमीटरच्या वर."

"आरं, ही येवडी पळती?" ईश्वरप्पा दगडोबावर धावून आले. "मंग इतकी वर्सं काय बैलगाडी हाकून राहिलास काय?"

"मालक, आईच्यान मला ठावं न्हाई हे कसं झालं."

मलप्पा पुढे झाला. त्याने दगडोबाला जरा बाजूला घेतलं आणि हातात काहीतरी ठेवलं. तो मघाचा काळा गोळा होता. तरटाचा बोळा, दगडासारखा घट्ट झालेला, त्याला सुतळीची एक गाठ, आणि घड्यांमध्ये तांबूस पूड.

"मघाशी उडाला बग इंजनातून," मलप्पा हळू आवाजात म्हणाला. "गाठ तुझीच हाय ना?"

दगडोबाने गाठ बघितली. नांदेडजवळच्या त्या उतारावर त्याने तोंडाने सुतळी ओढून मारलेली ती गाठ होती. चौदा वर्षं लॉरी नाकात बोळा घेऊन लातूर, नांदेड, धर्माबाद करत होती.

"काय हाय रे ते?" ईश्वरप्पांनी दुरून विचारलं.

"काय न्हाई मालक," दगडोबा म्हणाला, बोळा पैरणीच्या खिशात टाकला आणि शिंकला.

"नजर उतरली," सटवाजी गंभीरपणे म्हणाला. "बाकी काय न्हाई. नजर उतरली गाडीची."

"नारळ म्या फोडला म्हून," ईश्वरप्पा म्हणाले.

"तर वो," मलप्पा म्हणाला.

रेवणसिद्ध यांनी टाकीवर चढून मापाची काठी आत सोडली. पाच हजार लिटरांतलं एकशे पंचवीस लिटर पाणी सांडलं होतं. तिसरी परीक्षा पंचवीस लिटरने पास झाली. फक्त झाकण नीट बसत नव्हतं. वाटेत आणखी सांडू नये म्हणून त्याखाली काहीतरी कापड घालायला हवं होतं. सगळ्यांनी ईश्वरप्पांच्या हातातल्या उपरण्याकडे बघितलं.

"घ्या," ईश्वरप्पा म्हणाले. "आता त्याचं काय राहिलंय." त्यांनी स्वतःच ते घडी करून वर दिलं. मग जरा थांबून म्हणाले, "दगडोबा, बुधवारी मिलवर ये. बॉनेटला पत्रा मारून घिऊ."

"आन् सोमवारी?"

"सोमवारी काय? सोमवारी पाणी न्हाई का पीत गाव?"

रेवणसिद्ध यांनी शेऱ्याच्या जागी 'योग्य' लिहिलं, खाली सही केली आणि कागद पारूबाईच्या हातात दिला. तिने तो चार घड्या करून कमरेला खोचला, आणि तेव्हा कुठे ती पहिल्यांदा सीटला पाठ टेकून बसली.

दुपारी पावणेदोनला लॉरी गावात पोचली. पारासमोर ओढ्याकडे जाणारा उतार होता. दगडोबाने इंजिन बंद करण्याआधी, पारूबाईला केबिनमध्ये बसवून, खाली उतरून उताराची दिशा बघितली. लॉरीचं तोंड ओढ्याकडे करून मगच ती टॉपच्या गिअरवर मारली. बायका घागरी घेऊन एका रांगेत उभ्या होत्या. पारूबाईने स्वतःची घागर माप म्हणून पुढे ठेवली आणि नळाशी उभी राहून मोठ्याने मोजू लागली.

तीनशे चोवीस घागरी भरल्या. तीनशे पंचविसावी रेडिएटरमध्ये गेली.